नऊ नंबरचा शमशुद्दीन

शमशुद्दीन शिकलगाराच्या मागे रांगेत उभं राहणं म्हणजे डोक्याला ताप होता. पुढे उभं राहायचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच्या पुढे कधी कुणी नसायचंच. रेशनच्या दुकानात रॉकेल आलं की पहिला तो. दवाखान्यात पहिला तो. गडहिंग्लजच्या बाजारादिवशी एस.टी. फलाटाला लागायच्या आधीच खांबाला टेकून उभा असलेला माणूस तो. बरं, पहिला उभा राहून गप्प बसेल तर शपथ. मागची अख्खी रांग सरळ करायचं कंत्राट म्युनिसिपालिटीनं जणू त्यालाच दिलं होतं.

"ओ पावणं, मागं सरका. तुमी त्या हिरव्या लुगड्याच्या मागं हायसा. मी बगितलंय."

आमच्या शाहूपुरीच्या त्या बोळात रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी जायची पद्धत होती. डबा नसला तर वीट, वीट नसली तर चप्पल. बायकांना घरची कामं असतात, तासन्‌तास कोण उभं राहणार? पण शमशुद्दीन ते सगळे डबे आणि विटा उचलून कडेला मांडून ठेवायचा. "विटंला रॉकेल लागतंय व्हय? मानसाला लागतंय न्हवं? मग मानूस उभा करा." यावरून निम्म्या बोळाशी त्याचं वाजलं होतं. माझी एक चांगली भाजकी वीट त्यानं नेऊन स्वतःच्या हातगाडीचं चाक सरकू नये म्हणून उटी लावली आणि परत मागितली तर म्हणाला, रांगेतली वीट बेवारशी असते.

मी शिवणकाम करते. सगळा बोळ मला आक्का म्हणतो. बाहेरच्या खोलीत माझं मशीन आणि दारासमोर शमशुद्दीनचं धार लावायचं खोकं, म्हणजे टपरी, आणि तिच्यामागे त्याची खोली, त्यामुळे दिवसभर त्याचं तोंड बघणं माझ्या नशिबी आलं. माझ्या कात्र्यांना धार तोच लावायचा, आणि तीही नंबरानं. समोर एकाच खाटकाचा एकच सुरा पडलेला असायचा, खाटीक चहाला गेलेला असायचा, तरी हा म्हणायचा, "आक्का, ह्यो आधी आलाय." लग्नसराईत गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली आणि मी कात्रीची वाट बघत उभी. दुसऱ्या कुणाकडे जावं, तर तशी धार कोल्हापुरात दुसऱ्या कुणाची नव्हती. त्याचाच तर राग यायचा.

त्याची बायको जरीना कुरुंदवाडची. बारीक अंगाची, बोलायला गोड, आणि हसताना तोंडावर पदर धरायची सवय. लग्नानंतर पाच-सहा वर्षांत तिला दमा लागला. त्यांच्याकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून पोत्यानं भुसा आणायचा, मधे बाटली उभी धरून शेगडीत ठासून भरायचा, मधली बाटली अलगद काढून भोक ठेवायचं आणि पेटवायची. एकदा पेटली की पेटली, पण पेटेपर्यंत आणि विझताना जो धूर सुटायचा तो माझ्या शिवायच्या कापडाला वास लावून जायचा. जरीना त्या धुरात बसलेली असायची. सकाळी त्यांच्या खोलीतून खोकला ऐकू आला नाही असा दिवस मला आठवत नाही.

घरात ती दोघं आपल्या बोलीत बोलायची, पण भांडायचं असलं की मराठीवर यायची, म्हणजे सगळ्या बोळाला नीट कळावं.

एकदा तिला भर दुपारी धाप लागली. ओठ निळे पडले. शमशुद्दीननं रिक्षातून दवाखान्यात नेलं, मी बरोबर होते. कंपाउंडर तिला बघून म्हणाला, चला, आत चला. आणि हा शहाणा काय म्हणतो? "चार जण आधीचं हायत." मला वाटलं, आता इथेच याच्या डोक्यात काहीतरी घालावं. मी त्या चारही जणांना एकेक करून विचारलं, ते बिचारे कधीच उठून उभे राहिले होते, तेव्हा कुठे हा हलला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि स्पष्ट सांगितलं, धूर बंद करा. स्टोव्हही नको, रॉकेलचा वाससुद्धा हिला चालणार नाही. गॅस घ्या. नाहीतर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही.

गॅस घ्या म्हणायला डॉक्टरांच्या बापाचं काय जात होतं? त्या काळी गॅस म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं बसायची गोष्ट. पण नशीब म्हणा, त्याच साली, म्हणजे शहाऐंशी साली, आमच्या भागातल्या सहकारी ग्राहक भांडाराला गॅसची एजन्सी मिळाली आणि नवीन बुकिंग सुरू होणार अशी पाटी लागली.

त्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी शमशुद्दीन भांडाराच्या पायरीवर जाऊन बसला. नऊ वाजता शटर वर गेलं तेव्हा त्याच्या मागे रांग पार कोपऱ्यावर गेली होती, आणि अर्थातच ती सरळ होती. पहिली पावती त्याची फाडली. पावतीवर नंबर होता नऊ.

"पैला मी. मग नऊ कसा?" त्यानं विचारलं.

"पैलं आठ संचालक मंडळाचं," कारकून म्हणाला. "राखीव."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हा खूश होऊन घरी आला. मला पावती दाखवत म्हणाला, "आक्का, आठ जण संचालक. म्हंजे मानसांत पैला मीच."

मी आठवड्यानं गेले, जेवणखाण उरकून, दुपारची. मला मिळाला एक हजार त्रेचाळीस. माझ्या पावतीकडे बघून त्यानं जिभेनं च्‌च्‌ केलं. "लवकर जायला पायजे हुतं, आक्का." मी काही बोलले नाही, कारण माझी कात्री त्याच्याकडे होती.

मग भांडारात कॉम्प्युटर आला. त्याची केवढी मिरवामिरवी! त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला काच, आत थंड हवेचं यंत्र, दाराबाहेर चपला काढायच्या. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. चेअरमनच्या मेव्हण्याचा मुलगा कृष्णात पुण्याला कसलासा कोर्स करून आला होता, त्याला ऑपरेटर म्हणून बसवलं. चार हजारांच्या वरची नावं आणि नंबर त्यानं महिनाभर बसून त्या मशीनमध्ये भरले. मॅनेजर गुंडोपंत येईल त्याला सांगायचे, "आता वशिला बंद. मशीन कुणाला वळखत न्हाय. नंबरानं लावतंय आणि नंबरानं काढतंय." शमशुद्दीननं हे ऐकलं आणि त्या दिवशी त्यानं गुंडोपंतांच्या घरच्या विळीला फुकट धार लावून दिली. त्याच्या आयुष्यात त्यानं एवढा एकच अन्याय केला असेल, कारण त्या विळीच्या आधी माझ्या दोन कात्र्या होत्या.

पहिल्या खेपेला दोनशेच कनेक्शनं आली होती, हे मला नंतर कळलं. पहिल्या दोनशेंची यादी दारावर लागली आणि चौथ्या दिवशी माझ्या दारात हातगाडीवरून टाकी उतरली. आमचे हे फौंड्रीतून आले नव्हते, मीच धावपळ करत होते. मला वाटलं, वा, काम किती झपाट्यानं होतंय! एक हजार त्रेचाळीसला मिळाली म्हणजे बोळातल्या सगळ्यांना मिळाली. मी समोर ओरडून विचारलं, "भाई, तुमची कवा उतरली? मला दिसली न्हाय."

शमशुद्दीननं चाक थांबवलं. टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आक्का, तुमचा नंबर एक हजार त्रेचाळीस न्हवं?"

"व्हय की."

"माझी आली न्हाय अजून."

तो भांडारात गेला, चौकशीच्या रांगेत उभा राहिला, आणि उत्तर घेऊन आला की पुढच्या खेपेला येईल. पुढची खेप आली. त्यात अकराशेवाले होते, बाराशेवाले होते, तेराशेवाल्यांपैकीही काही होते. नऊ नव्हता. वीस नव्हता, पन्नास नव्हता, दोनशे-तीनशेवाल्यांत तर एकही नव्हता. लोकांनी जाऊन विचारलं की काचेमागून एकच उत्तर मिळायचं, मशीननं काढलंय, मशीन खोटं बोलत नाही.

मशीन खोटं बोलत नाही म्हटल्यावर खोटं कोण बोलतंय? बोळानं सरळ हिशेब मांडला, आक्का. चेअरमनच्या बायकोची ब्लाउजं माझ्याकडे शिवायला असायची, तेवढं पुरलं. नळावर बायका मी आल्यावर गप्प व्हायला लागल्या. पलीकडच्या बयाबाईचा नंबर होता नव्वद. एकटी म्हातारी, हात थरथरायचे, स्टोव्हला पंप मारताना दोनदा पोळलेली. तिनं तर मला तोंडावरच विचारलं, "किती झंपर फुकाट शिवलंस गं?" मी शिलाईचा एक पैसा सोडत नाही हे साऱ्या शाहूपुरीला ठाऊक आहे, तरी ही गत. आणि मग एक दिवस शमशुद्दीनही आला, खाली मान घालून.

"आक्का, रागवू नगासा. तुमी कुणाला सांगिटलंतं का?"

त्याच्या विचारण्यानं मला जेवढं लागलं तेवढं बाकीच्या सगळ्यांच्या बोलण्यानं लागलं नव्हतं. मी त्याला बोळात उभं करून असं झाडलं की खाटीक सुरा न घेताच परत गेला.

इकडे जरीनाचं वाईट होत चाललं होतं. पावसाळी हवा, ओला भुसा, खोलीभर धूर. मी म्हटलं, माझ्याकडे येऊन भाकरी करत जा. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी शमशुद्दीन म्हणाला, दुसऱ्याच्या नंबरावर किती दिवस जेवायचं? मी म्हटलं, माझी टाकीच न्या, मी स्टोव्हवर करते. तर म्हणे, टाकी तुमच्या नावाची आहे. मी म्हटलं, मग सरळ काळ्या बाजारात घ्या. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते. या माणसाचं करायचं तरी काय? रांगेची अब्रू राखायची म्हणून बायकोला धुरात ठेवणारा माणूस माझ्या बघण्यात दुसरा आलेला नाही. आणि वाईट म्हणजे रात्री तिची पाठ चोळत बसणाराही तोच. सकाळी त्याचे डोळे लाल दिसायचे.

तिसऱ्या खेपेला तो पावती घेऊन थेट गुंडोपंतांकडे गेला. तक्रारींनी कान किटलेले गुंडोपंत कृष्णातला म्हणाले, एक ते पंधराशेपर्यंतचे सगळे काढ, नऊ त्यात असलाच पाहिजे. मशीननं कर्रकर्र करत कागदाची लांबच लांब पट्टी सोडली. त्या पट्टीत शमशुद्दीन शिकलगार नव्हता. नऊ नंबरच नव्हता.

"तुमची पावतीच खोटी असंल," गुंडोपंत म्हणाले.

सगळ्यांदेखत म्हणाले. शमशुद्दीन घरी आला आणि त्यानं खोकं उघडलं नाही. दिवसभर पायरीवर बसून राहिला. लोक सुरे, विळ्या ठेवून जात होते, त्यांचा क्रमही तो लावत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शिलाई मशीनवर कापड घातलं, त्याला दंडाला धरून उठवलं आणि भांडारात घेऊन गेले. मला भांडायचंच होतं, माझ्यावरचा आळही मला पुसायचा होता. गुंडोपंत अजून यायचे होते. मी तडक चपला काढून त्या काचेच्या खोलीत शिरले आणि कृष्णातला म्हटलं, तुझी ती यादी काढ, पहिल्यापासून.

इंग्रजी अक्षरांतली यादी, पण आकडे मला येतात, जन्म मापाच्या टेपवर गेलाय. मी बोट ठेवून वाचायला लागले. एक. त्याच्याखाली दहा. त्याच्याखाली शंभर. मग एक हजार, एक हजार एक, एक हजार दोन. एक हजार नऊ झाल्यावर एकशे एक.

"ह्यो कसला क्रम रं?" मी म्हटलं. "तुला पाढं शिकवलं हुतं का न्हाय कुणी?"

पोरगा वाईट नव्हता. त्याचं तोंड उतरलं. "आक्का, नंबराचा रकाना अक्षरांचा ठेवलाय, आकड्यांचा न्हाय. म्हणून मशीन नंबराची किंमत बगत न्हाय. शाळेच्या कॅटलॉगात नावं लावत्यात तसं लावतंय. पैलं अक्षर बगायचं, ते सारखं असलं तर दुसरं. एक हजार त्रेचाळीसात पैल्यांदा एक येतोय, म्हणून ते वर. नवात पैल्यांदाच नऊ. म्हणून ते आठशे नव्व्याण्णवच्याबी खाली."

"आनि एक ते पंधराशेत मी का न्हवतो?" शमशुद्दीननं विचारलं.

"त्या हिशेबानं पंधराशे आला की यादी थांबली. नऊ लय खाली ऱ्हायला. दोन, तीन, चार, सगळंच ऱ्हायलं."

"मग संचालकांनी बोंब का मारली न्हाय? एक सोडला तर बाकीच्यांचं नंबर दोन ते आठ हायत," शमशुद्दीन म्हणाला.

संचालकांच्या टाक्या यादी लागायच्या आधीच घरी पोचल्या होत्या.

मी म्हटलं, "मग रकाना आकड्यांचा कर की लेकरा. हाय काय त्यात?"

त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आकड्यांच्या रकान्यात ए-बी घालता येत न्हाय." बोट ठेवून त्यानं दाखवलं. एकशे सत्तेचाळीस ए. एकशे सत्तेचाळीस बी. अशी बरीच होती, मधेमधे. बुकिंग संपल्यावर घुसवलेले संचालकांचे पाव्हणे. त्यांना आत घ्यायचं म्हणून अख्खा रकाना अक्षरांचा केला होता, आणि त्या पायी माणसांत पहिला आलेला माणूस तळाला गेला होता. माझं डोकं इतकं फिरलं की मला त्या थंड खोलीत घाम आला.

उपाय आहे, कृष्णात म्हणाला. सगळ्या नंबरांच्या पुढे शून्यं घालून ते चार आकडी करायचे. शून्य शून्य शून्य नऊ. मग मशीन बरोबर लावेल, निवडेलही बरोबर. पण तसं केलं की ए आणि बी थेट एकशे सत्तेचाळीसच्या खाली येणार, अगदी वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आता ते चौदाशे एकोणऐंशीच्या खाली कुठेतरी दडले होते. साहेबांना, म्हणजे गुंडोपंतांना, तो विचारून चुकला होता, साहेब नको म्हणाले होते.

एवढ्यात गुंडोपंत आले. त्यांना काय झालंय ते एका नजरेत कळलं. हुशार माणूस. आवाज एकदम मऊ.

"शमशुद्दीनभाई, तुमचं चुकून राहिलंय. आजच्या आज टाकी न्या. सही करा, मी माझ्या अधिकारात देतो. यादीचं मागनं बघू."

मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. पण शमशुद्दीन म्हणाला, "आनि नव्वदवाल्या म्हातारीचं काय? वीसवाल्याचं? यादी सरळ करा. माझ्या नंबरानं द्या. उपकार नगं."

"अवो, घ्या की!" मी ओरडले. "जरीनाचा जीव चाललाय तिकडं!"

"घेनार न्हाय."

मी रडत घरी आले. रागानं रडू येतं ते फार वाईट असतं, कुणाला सांगताही येत नाही. जरीना दारात बसली होती, हातात फुंकणी. मी तिला सगळं सांगितलं, काही शिल्लक ठेवलं नाही. ती ऐकत होती. मधे खोकत होती. पदर तोंडाशी धरला होता, पण हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन खेपेची यादी लागायची होती, त्यामुळे भांडारापुढे तोबा गर्दी. शमशुद्दीन सगळ्यांच्या आधी जाऊन उभा होताच. मी आणि जरीना रिक्षातून उतरलो. रिक्षातून उतरून दारापर्यंत जायला तिला मधे दोनदा थांबावं लागलं. पण ती रांगेच्या कडेनं सरळ चालत पुढे गेली, नवऱ्याच्या शेजारून पुढे, थेट काउंटरला.

"टाकी काडा," ती गुंडोपंतांना म्हणाली. "उपकार न्हाय. आमचा नंबर कवाच होऊन गेलाय."

"जरीना, रांग हाय," शमशुद्दीन म्हणाला.

ती वळली. धाप लागलेली होती, एकेक शब्द तोडून बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमी रांगंत उभं ऱ्हायलासा. वाट मी बगितली."

बुकिंग त्याच्या नावावर, सही त्याचीच लागणार होती. जरीनानं काउंटरवरचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं. त्यानं सही केली.

"आता तुमी ऱ्हावा हितं," ती म्हणाली. "म्हातारीची टाकी मिळूस्तवर घरला येऊ नगासा."

टाकी हातगाडीवर चढत होती तेवढ्यात मागे त्याचा तो नेहमीचा आवाज लागला, ज्यानं आम्ही इतकी वर्षं वैतागलो होतो. "ज्यांचा नंबर हजाराच्या आत हाय आनि टाकी न्हाय, त्येनी हिकडं या! हितं उभं ऱ्हावा! नंबर सांगा!" लोक आधी हसले, मग सरकायला लागले. वीस. बावीस. सव्वीस. पन्नास. नव्वदला बयाबाई, काठी टेकत. ज्याचा नंबर मोठा त्याला तो दंडाला धरून मागे नेत होता, लहान असलेल्याला पुढे आणत होता. पाहता पाहता काउंटरपासून रस्त्यापर्यंत एक सरळ रांग झाली, ज्यात नऊच्या पाठी वीस होता आणि वीसच्या पाठी बावीस. एकशे सत्तेचाळीसचा गडी टाकी मिळालेला, तो तमाशा बघायला आला होता, त्यालाही शमशुद्दीननं ओढून रांगेत घेतलं. आणि त्याच्यामागे त्यानं दोन माणसांची जागा मुद्दाम रिकामी सोडली.

"एकशे सत्तेचाळीस ए!" तो रस्त्याकडे तोंड करून ओरडला. "एकशे सत्तेचाळीस बी! या म्होरं! तुमची जागा धरलीया!"

कुणी आलं नाही. सगळी रांग त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. काचेमागे गुंडोपंत उभे होते आणि त्यांच्या मागे कृष्णात खुर्ची ओढून मशीनसमोर बसत होता, एवढं मी बघितलं आणि जरीनाबरोबर हातगाडीच्या मागे चालू लागले.

मेकॅनिकनं येऊन नळी जोडली, शेगडी पेटवून दाखवली आणि गेला. जरीनानं बटण फिरवून आधी दोन-तीनदा नुसतीच ज्योत लावून बघितली. मग भुशाची शेगडी उचलून बाहेर बोळात ठेवली. ती मला म्हणाली, बस, च्या टाकतो. मी बसले. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते, माझं काम पडलं होतं तरी. ती अधूनमधून खोकत होतीच, दमा काही एका दिवसात जात नाही. पण खोलीत धूर नव्हता. पलीकडची भिंत मला पहिल्यांदा नीट दिसली, तिला निळा रंग होता.

दिवेलागणीला शमशुद्दीन आला. घसा पार बसला होता. कृष्णातनं सगळ्या नंबरांपुढे शून्यं घातली होती, नवी यादी दारावर लागली होती, आणि त्या ए-बीवाल्यांची नावं वाचायला लोक अजून थांबले होते. बयाबाईला उद्याची तारीख मिळाली होती. एवढं त्यानं दारात उभं राहूनच सांगितलं, आणि तिथेच उभा राहिला. आत येईना. ज्योतीकडे बघत होता.

"या की आत," जरीना म्हणाली. "हितं रांग न्हाय."

तो येऊन भिंतीला टेकून बसला. दुसऱ्यांदा टाकलेला चहा उकळला. जरीनानं पहिला कप भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. बसक्या घशानं, मोठ्या कष्टानं म्हणाला, "आक्का आधी आलीया. तिला आधी दे."

जरीनानं त्याच्याकडे बघितलं, त्याचा हात धरला आणि कप त्याच्या हातात ठेवला. मी कधीची तिथे बसले होते, माझा नंबर धडधडीत आधी होता. पण मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही.